एकांतास अर्पण

थोरलीच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पानावर एवढंच छापलं होतं : ‘माझ्या एकांतास अर्पण.’

धाकटीने पुस्तक असं भिरकावलं की ते दवाखान्याच्या कपाटावर आदळलं आणि वाळत ठेवलेल्या एका कवळीच्या साच्याला सोबत घेऊनच खाली आलं. खुर्चीत तोंड वासून बसलेले आजोबा दचकले. आपल्या दाढेत काहीतरी भयंकर सापडलं असणार, असं त्यांना वाटलं.

“तुमचं काही नाही हो, आजोबा,” धाकटी दातओठ खात म्हणाली. “कीड दुसरीकडेच लागलीय.”

धाकटी दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून, साचे ओतून तिच्या नखांत प्लास्टरची पांढरी पूड कायमची बसलेली असे. थोरली लेखिका होती, म्हणजे गेल्या वर्षापासून झाली होती. ‘पडद्याआडची नवरी’ नावाची तिची भयकादंबरी आली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. इतकी वर्षं कुठे होतात हो तुम्ही, अशी चौकशी झाली. थोरलीही मान किंचित कलती करून सांगे, मी लहानपणापासून फार एकटी होते, ही गोष्ट त्या एकटेपणातून आली.

साफ खोटं. दोघींची आई रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका होती आणि दुपारी झोपायची. घरात चिमणीचाही आवाज होता कामा नये, म्हणून दुपारभर दोघींची रवानगी अंथरुणांच्या खोलीत व्हायची. एका बाजूला छतापर्यंत गाद्या, दुसऱ्या बाजूला दोघी. अक्षरओळखही धड नव्हती तेव्हापासून धाकटी तिथे कुजबुजत्या आवाजात गोष्टी रचायची, आणि थोरली उशी पोटाशी धरून ऐकायची. थोरली वयाने मोठी, पण भित्री भागूबाई. गोष्ट हवी, भुतं हवीत, कुलूपबंद दारंही हवीत. पण शेवट जवळ आला की ती दोन्ही कानांत बोटं खुपसून डोळे गच्च मिटायची. “झालं की माझ्या पायाला पाय लाव,” असं आधीच सांगून ठेवायची. धाकटी मग शेवट गाद्यांना सांगायची आणि सांगून झाला की थोरलीच्या पायाला पाय लावायची.

पुस्तकाच्या नावावरूनच धाकटीने आपली गोष्ट ओळखली होती. आणि आता म्हणे एकांत! आयत्या बिळावर नागोबा बसला तर बसला, निदान बीळ मीच खणलं असं तरी त्याने म्हणू नये.

त्याच संध्याकाळी धाकटीने फोन केला. भांडायला नव्हे, अगदी सरळ विचारायला. “ताई, त्या खोलीत मी होते की नव्हते?”

“अगं छकुली, होतीस की,” थोरली लाडाने म्हणाली. धाकटीचे केस पिकायला लागले तरी हे छकुली काही सुटलं नव्हतं. “पण ती काय गोष्ट होती का? लहान पोरीची बडबड ती. लिहिली मी, रक्त मी आटवलं.”

“मग पहिल्या पानावर तेवढं लिही. बडबड धाकटीची, रक्त माझं.”

“वेडी आहेस का? लोक काय म्हणतील? शिवाय तुला काय करायचंय नाव? तुझा छान चाललाय ना दवाखाना.”

त्यावर धाकटीने फोन ठेवला. तिला नाव नकोच होतं. तिला एवढंच हवं होतं की त्या खोलीत दोघी होत्या, हे थोरलीने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने म्हणावं. तोंडं उघडायला लावणं हा तर तिचा रोजचा धंदा होता.

संधी चालून आली ती वाचनालयाच्या दारावर चिकटवलेल्या एका कागदातून. दिवस लहान व्हायला लागले की हे वाचनालय दरवर्षी ‘अंधारहंगाम’ भरवायचं. भाग घेणाऱ्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळे, त्यावर बारा खिडक्यांचं एक पछाडलेलं घर छापलेलं. भुताटकीची, खुनांची, ओसाड हवेल्यांची पुस्तकं वाचायची आणि प्रत्येक पुस्तक वाचून झालं की ग्रंथपालबाईंसमोर बसून गोष्ट तोंडी सांगायची. सांगणं पटलं तर बाई एक खिडकी शाईने काळी करत. पण गोष्ट सांगायची ती शेवटाच्या उंबरठ्यापर्यंतच. शेवट वाचनालयात कुणी ओठांवर आणला, की बाई टेबलावरची पितळी घंटा दाणकन वाजवत आणि तो माणूस हंगामातून बाद. दुसऱ्याच्या वाचनावर पाणी ओतणाऱ्याला त्यांच्या राज्यात माफी नव्हती.

ज्याचं घर सगळ्यांत आधी पूर्ण काळं होईल, त्याने समारोपाला भर सभागृहात एक गोष्ट सांगायची. तीही शेवटाच्या उंबरठ्यापर्यंतच. मग शेवट प्रमुख पाहुण्यांच्या कानात सांगायचा आणि तो बरोबर असला तर पाहुण्यांनी घंटा वाजवायची. बाकीच्यांनी तो घरी जाऊन वाचायचा.

कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, यंदाच्या प्रमुख पाहुण्या ‘पडद्याआडची नवरी’च्या लेखिका. त्यांचं पुस्तक सर्वांना शेवटच्या खिडकीसाठी सक्तीचं.

“मी भाग घेतेय,” धाकटीने घरी जाहीर केलं.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करत असे. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस सहसा वाद घालत नाही. “तू? तुला तर घरातलं झुरळ मारायला मी लागतो.”

“जिंकून त्या मंचावर चढणार आणि सगळ्यांसमोर तिला चोर म्हणणार.”

नवऱ्याने भिंग काढलं. “आणि लोक म्हणणार, धाकटी जळते. पुरावा काय तुझ्याकडे? गाद्या साक्षीला येणार आहेत?”

हे मात्र धाकटीला झोंबलं, कारण खरं होतं. पण नाव घातलेलं होतं. तिने वाचायला सुरुवात केली. भुलीचं इंजेक्शन देऊन रोग्याचा गाल बधिर होईपर्यंत एक प्रकरण, साचा सुकेपर्यंत दुसरं. एकदा तर दाढ उपटता उपटता तिला तळघरातल्या पेटीत काय आहे ते एकदम सुचलं आणि ती “अरे देवा!” असं ओरडली. त्या रोग्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. ग्रंथपालबाईही करवादल्या. “डॉक्टरीणबाई, माझ्या पुस्तकांवर हे पांढरे ठसे कसले? भुतं तुमच्या हातून वाचतायत की काय?” धाकटीने हात पदराला पुसले, पण नखांतलं प्लास्टर कुठे जातंय!

खिडक्या भराभर काळ्या होत होत्या. अडचण एकच, एक निवृत्त न्यायाधीश. माणूस रिकामा, चष्मा नवा आणि जन्मभर जाडजूड कागद वाचायची सवय. ते कायम एक खिडकी पुढे. शेवटाकडे येता येता त्यांच्या दहा काळ्या झाल्या होत्या आणि अकरावं पुस्तक सांगायला ते खुर्चीत आपली पाळी येण्याची वाट बघत बसले होते. तेच पुस्तक धाकटीच्याही हातात होतं. एका श्रीमंत म्हातारीला विष घातलं जातं, त्याची गोष्ट.

धाकटी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि उसासा टाकून म्हणाली, “काय बाई तो माळी! म्हातारीने पोटच्या पोरासारखं सांभाळलं आणि त्याने असे पांग फेडले.”

न्यायाधीशांची भुवई हलली. “माळी?”

“दुसरं कोण? विषारी झाडं त्याचीच. मला तर पहिल्या पानावरच कळलं.”

“झाडं असणं हा पुरावा नव्हे, बाई.”

“बागेत त्याच्या बुटांचे ठसे होते.”

“माळ्याचे ठसे बागेत नाही तर काय गच्चीवर असणार?” त्यांचा गळा लाल झाला.

“ते काही नाही. मी न्यायाधीश असते ना, त्याला सरळ फासावर चढवला असता. साक्ष नाही, पुरावा नाही. तोंडावरूनच दिसतं.”

जन्म न्यायासनावर काढलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. न्यायाधीश ताडकन उभे राहिले आणि गरजले, “निरपराध माणसाला फाशी? अहो, विष तिच्या भाच्यानं घातलं, दुधातून!”

घंटा दाणकन वाजली.

न्यायाधीशांनी आधी घंटेकडे पाहिलं, मग धाकटीकडे. माळ्याचं नाव हा काही शेवट नव्हता, तेव्हा तिच्यावर कोणतंच कलम लागत नव्हतं. “नियमाप्रमाणे तुम्ही निर्दोष आहात,” ते कार्ड टेबलावर ठेवत म्हणाले. “आणि मला त्याचाच राग येतोय.”

धाकटीला त्यांची दया आली, पण फार वेळ टिकली नाही. मधल्या खिडक्या काळ्या होऊन तिची शेवटची खिडकी उरली होती आणि त्या खिडकीत थोरली बसली होती.

भिरकावलेलं पुस्तक तिने पुन्हा हातात घेतलं, अर्पणपत्रिका उलटली आणि वाचत गेली. शब्द न् शब्द तिचा होता. डोंगरावरच्या हवेलीत एक शिंपीण येते. घरच्या मुलीचं लग्न ठरलंय, पोशाख शिवायचाय. पण नवरी कुणाला दिसत नाही. रोज सकाळी बंद दाराखालून मापांची एक चिठ्ठी सरकते. रोज माप थोडं बदलतं, बाही अर्धं बोट लांब, कंबर अर्धं बोट कमी. शिंपीण रोज उसवते, रोज शिवते. आणि रोज सकाळी तोंड धुताना तिला स्वतःच्या मानेवर, खांद्यावर खडूची पांढरी पूड सापडते. आपल्याच धंद्याचा खडू, असं म्हणून ती पुसून टाकते.

हे सगळं धाकटीने गाद्यांच्या सावलीत रचलं होतं. थोरली काहीच विसरली नव्हती, अर्ध्या बोटाचं मापसुद्धा नाही. इतकं जिवाचा कान करून तिचं बोलणं पुढे आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. आणि ऐकणारीनेच, सांगणारी तिथे नव्हतीच, असं छापून टाकलं होतं.

मग शेवटचं प्रकरण आलं. दार उघडतं, आत नवरीचं भूत असतं. ती कित्येक वर्षांपूर्वी मेलेली असते आणि दिवसेंदिवस सुकत चाललेली असते, म्हणून मापं बदलतात. शिंपीण खिडकीतून उडी मारते. समाप्त.

धाकटीने पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. तिने पुन्हा मागे जाऊन खडू शोधला. खडू पानापानावर होता आणि शेवटात त्याचा पत्ताच नव्हता. थोरलीने ऐकलं तेवढं इमानाने उतरवलं होतं आणि जिथे बोटं कानात गेली तिथून पुढे आपल्या पदरचं ठिगळ लावलं होतं.

धाकटी इतकी मोठ्याने हसली की नवऱ्याच्या हातातून स्क्रू निसटला.

“काय झालं?”

“साक्षीदार सापडला,” ती म्हणाली.

धाकटीची बारावी खिडकी सगळ्यांत आधी काळी झाली. समारोपाला सभागृह खच्चून भरलं होतं. धाकटी दवाखान्यातून थेट आली होती. शेवटच्या रोग्याचा साचा ओतून हात नीट धुवायलाही थांबली नव्हती. थोरली मंचावर काळ्या रेशमात बसली होती. धाकटी वर येताच तिने उठून गळामिठी घातली. “अखेर वाचलंस ना गं, छकुली? मला माहीत होतं, राग फार दिवस टिकायचा नाही तुझा.”

“अगदी मन लावून वाचलं, ताई.”

ग्रंथपालबाईंनी विचारलं, “कोणती गोष्ट सांगणार?”

“प्रमुख पाहुण्यांचीच.”

टाळ्या पडल्या. थोरलीने मान कलती केली आणि हात छातीशी नेला. धाकटी सांगायला लागली, आणि सांगताना तिने आवाज मुद्दाम खाली आणला, शेजारच्या खोलीत कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असावं इतका. लोक पुढे झुकले. ग्रंथपालबाई लेखणी हातात धरून तशाच बसून राहिल्या. आणि थोरली? थोरलीचं हसू पहिल्या चिठ्ठीला गेलं. दुसऱ्या चिठ्ठीला तिने मांडीवरची पर्स पोटाशी धरली. हा आवाज तिने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

धाकटी खडूपाशी रोज सकाळी थांबत होती. पहिल्या दिवशी मानेवर खडू. दुसऱ्या दिवशी खांद्यावर. मग दोन्ही दंडांवर, मग कमरेभोवती. थोरलीच्या पुस्तकात हे विखुरलेलं होतं. धाकटीने एका दोऱ्यात ओवून ठेवलं. सभागृहात कुणीतरी चुळबुळत आपल्याच मानेवरून हात फिरवला.

“आणि शेवटच्या सकाळी,” धाकटी म्हणाली, “पोशाख तयार झाला. शिंपिणीने चिठ्ठी हातात घेतली, आणि...” ती थांबली. “आता शेवट पाहुण्यांच्या कानात.”

ती थोरलीकडे वळली, वाकली आणि कानाशी ओठ नेले.

थोरलीने कानांत बोटं घातली.

तिने ठरवून घातली नाहीत. हात आपोआप वर गेले, डोळे गच्च मिटले, खांदे कानांपर्यंत आले. भयकादंबरीची नामवंत लेखिका, काळ्या रेशमात, भर मंचावर, आपल्याच गोष्टीच्या शेवटाला कानांत बोटं घालून बसली.

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, बाई नाटक करतायत. पण बोटं निघेनात. हसू विरत गेलं.

“बाई,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “शेवट ऐकून घंटा वाजवायची असते.”

“तिला ऐकू येत नाहीये,” धाकटी सभागृहाकडे वळून म्हणाली. “लहानपणीही अशीच करायची. अंथरुणांच्या खोलीत मी गोष्ट सांगायचे, आणि शेवट आला की हिची बोटं कानांत. पुस्तक वाचलेल्यांनो, एकच सांगा. शिंपिणीच्या अंगावर तो खडू कुठून यायचा?”

मग एकेक मान शेजाऱ्याकडे वळायला लागली. सगळ्यांनी ते पुस्तक वाचलं होतं आणि कुणालाच ते सांगता येईना. मागच्या रांगेतून न्यायाधीश उभे राहिले. त्यांचा आवाज सभागृहभर घुमला. “म्हणजे गोष्ट मुळात ज्यांची आहे, त्यांनाच शेवट माहीत असणार. आणि लेखिकेनं तो कधी ऐकलेलाच नाही. निकाल स्पष्ट आहे.”

अख्ख्या सभागृहाने निकाल ऐकला. ज्या एकीवर तो लागला होता, तिची तेवढी बोटं कानांत होती.

धाकटीने तिच्या पायाला पाय लावला.

थोरलीने डोळे उघडले. संपलं, अशा भाबड्या सुटकेने तिने बोटं काढली आणि धाकटीकडे बघून कसनुसं हसली. त्याच क्षणी धाकटीने तिची दोन्ही मनगटं धरली. दाढा उपटणारे हात होते ते. थोरलीला हलता येईना. एका हातात दोन्ही मनगटं आवळून दुसरा हात धाकटीने तिच्या मानेमागे टाकला, जवळ ओढलं आणि कानात सांगितलं.

“नवरी नव्हतीच, ताई. भूतही नव्हतं. त्या दाराआड राहणारं जे होतं, ते रोज शिंपीण झोपली की तिच्या उशाशी यायचं आणि खडूने तिचीच मापं घ्यायचं. पहिल्यांदा अंदाजाने, मग दिवसेंदिवस नेमकी. म्हणून चिठ्ठी बदलायची. शेवटच्या सकाळी तिने पोशाख स्वतःला लावून पाहिला, आणि तो अगदी बरोबर बसला. बटणं पाठीला होती. घालणारीला ती स्वतःची स्वतः काढता येत नाहीत.”

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिचे ओठ हलले, पण दातखिळी बसल्यासारखा आवाज फुटेना. मग तो फुटला, नेमका समोरच्या ध्वनिक्षेपकात, आणि साऱ्या सभागृहाने ऐकला.

“अगं बाई... म्हणून खडू होता होय!”

तिने हात पुढे केला आणि घंटा वाजवली. शेवट बरोबर होता. टाळ्या सुरू व्हायला थोडा वेळ लागला, आणि त्या कुणाकडे बघून वाजतायत याबद्दल मंचावर कुणाला शंका उरली नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर थोरली जिन्याशी धाकटीची वाट बघत उभी होती. तिचा कलत्या मानेचा तोरा कुठच्या कुठे गेला होता. “पहिलं पान बदलते,” ती म्हणाली. “तुझं नाव घालते. आम्ही दोघी होतो असं लिहिते. झालं समाधान?”

“झालं,” धाकटी म्हणाली. पण तिच्या आवाजात ओलावा नव्हता. झालेलं समाधान आणि विझलेला राग या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तिला त्या जिन्यावर कळलं.

थोरली पायरी उतरेना. बाहेर अंधारून आलं होतं. “छकुली,” ती हळूच म्हणाली, “आजचा दिवस माझ्याकडे येशील झोपायला? एवढं मोठं घर, मी एकटी. ते... उशाशी येणारं... मला आता झोप लागायची नाही गं.”

“कशाला?” धाकटी म्हणाली. “तुझा एकांत आहे ना सोबतीला.”

आणि ती जिना उतरून गेली. कोपऱ्यावर पोचल्यावर एकदाच तिने वळून पाहिलं. थोरली दिव्याखाली पाठमोरी उभी होती. काळ्या रेशमाच्या वर, मानेवर, प्लास्टरच्या पुडीने पाच बोटं पांढरीशुभ्र उमटली होती. धाकटीला ती दिसली. सांगावं असं क्षणभर वाटलंही. मग तिने विचार केला, घरी गेल्यावर आरशात दिसतीलच.